दुधातलं मीठ

आमच्या सावद्याच्या घरी एका वर्षी ईस्टर झाला होता, असं मी सांगितलं की माझ्या दोन्ही सुना एकमेकींकडे बघतात. सासूबाईंचं वय झालं, हा त्या बघण्याचा अर्थ. त्यांचा तरी काय दोष? ज्यांनी अक्काला, म्हणजे माझ्या आत्याला, प्रत्यक्ष पाहिलंय त्यांना तर हे जास्तच खोटं वाटेल. चातुर्मासात कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येऊ न देणारी, अंड्याला नाव घेऊन अंडं न म्हणता ‘ते पांढरं’ म्हणणारी बाई, आणि तिच्या अंगणात ईस्टर! पण झाला. आज जळगावात, मेहरूणच्या या घरात, गॅलरीत खुर्ची टाकून मी हे लिहायला बसले तेव्हा सगळ्यात आधी आठवलं ते हे, की त्या दिवशी मी फार खूश होते. इतकी खूश मी माझ्या लग्नातसुद्धा नव्हते. आमचे हे माझं लिहिलेलं काही वाचत नाहीत, तेव्हा एवढं लिहायला हरकत नाही.

घर केळीवाल्याचं. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, केळीची बाग गावाला लागून होती आणि घरातलं बोलणं केळीपासून सुरू होऊन केळीवरच संपायचं. सकाळी जाग यायची ती ट्रकवर घड चढवणाऱ्या माणसांच्या आरोळ्यांनी. दुपारी बाग सुस्त पडायची आणि आई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायची त्याचा आवाज तेवढा यायचा. आई फार बोलायची नाही, कारण बोलण्याचं खातं अक्काकडे होतं. अक्काला धुळ्याच्या बाजूला दिलेली. यजमान गेल्यावर आबा स्वतः जाऊन तिला घेऊन आले आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या किल्ल्या तिच्या कमरेला लागल्या. बोली मात्र तिने सासरचीच, अहिराणी, ठेवली. आमच्या सावद्याच्या बोलण्यात तिचं ‘आहे’साठीचं ‘शे’ आणि ‘सगळे’साठीचं ‘बठ्ठा’ लगेच वेगळं कळायचं, आणि आम्ही पोरं तिची नक्कल करायचो. तिला ते ठाऊक होतं. कधी कधी ती आम्हाला ऐकू जाईल असं मुद्दाम दोनदा बोलायची.

आबांनी नवी माडी बांधली आणि ती भाड्याने दिली ती थेट इक्वेडोरच्या माणसाला. हा देश कुठे आहे ते आम्ही माझ्या शाळेच्या नकाशात शोधलं, आणि सापडल्यावर आबा बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसले होते. तिकडची केळी जगभर जातात. ती तशी कशी पिकवायची हे शिकवायला जळगावच्या एका कंपनीने हा माणूस आणला होता, आणि त्याला शहरात राहायचं नव्हतं, बागांजवळ राहायचं होतं. नाव रामिरो. गावाने दुसऱ्याच आठवड्यात त्याचा रामराव केला. रामराव झाडावरच्या घडांना निळ्या पिशव्या घालायला लागला तेव्हा लोक केळीचं अंगडं-टोपडं बघायला बागेत यायचे. घड ट्रकवर फेकलेला दिसला की तो उन्हात धावत सुटायचा आणि झोपलेलं मूल घ्यावं तसा घड दोन्ही हातांवर घेऊन दाखवायचा. लोक हसायचे आणि तो गेला की पुन्हा फेकायचे. आता आमचा भाचा घड फोमच्या गादीवर ठेवतो आणि मजुरांना ओरडतो, तेव्हा मला रामराव आठवतो.

त्याची बायको एलेना, आणि चार वर्षांची मुलगी लूस. लूस पहिल्या महिन्यातच आमची झाली. ती दिवसभर खालीच असायची, अक्काच्या मागे मागे, आणि माझ्याआधी तिला अहिराणी यायला लागली. एलेना मात्र जिन्यापर्यंतच यायची. हसायची, मोडकंतोडकं मराठी बोलायची आणि वर जायची. अक्काने शिस्त म्हणून पहिल्या दिवसापासून वर ताट पाठवायला सुरुवात केली होती. भाडेकरू असो की कोणी असो, नवं माणूस आलं की आपल्याकडचं गोडधोड जायचंच. आणि रिकामं ताट परत करायचं नाही, ही रीत एलेनाला कोणी न सांगता माहीत होती. ती त्यात काही ना काही घालून पाठवायची. एकदा तिने केळं घालून केक केला होता. वास असा की मी जिन्यातच थांबले. अक्काने तो हसून घेतला, एलेना वर गेल्यावर गोठ्यात नेला आणि म्हशीपुढे ठेवला. त्यात ‘ते पांढरं’ असणार, हे उघड होतं. म्हशीने चाटूनपुसून खाल्ला. मी वर पाहिलं तर एलेना माडीच्या कठड्याशी उभी होती. त्यानंतर आमचं ताट परत यायचं ते साखर नाहीतर कच्ची केळी घेऊन.

मग त्या हिवाळ्यात तिची आई गेली. बातमी जळगावच्या कचेरीत फोनवर आली आणि रामरावने संध्याकाळी घरी आणली. जायचं म्हटलं तरी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असणार, म्हणून ती गेली नाही. आई आणि अक्का वर जाऊन बसल्या. पण कशा बसणार? त्यांना तिचं कळेना आणि तिला त्यांचं. अक्काने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दोघी खाली आल्या. एलेनाचं हसणं गेलं ते गेलंच. लूसची वेणी मी घालायला लागले. उन्हं चढली, अंगणाअंगणांत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला खाटा पडल्या, तरी माडीचं दार लोटलेलंच असायचं.

मी तेव्हा अकरावीला होते आणि इंग्रजीचा सराव म्हणून तिच्याकडे जायचे. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा फार चांगलं नव्हतं, त्यामुळे आमचं छान जमायचं. ईस्टर आठवड्यावर आला होता तेव्हा एका दुपारी ती आपण होऊन बोलली. तिच्याकडे ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी एक पदार्थ करतात. येशूचे शिष्य बारा, म्हणून बारा धान्यं. प्रत्येक वेगळं भिजवायचं, वेगळं शिजवायचं, दाण्यादाण्याचं साल हाताने काढायचं, मग लाल भोपळा आणि दूध घालून सगळं एका भांड्यात. तो पदार्थ तिची आई करायची आणि गल्लीला वाढायची. आणि त्यांच्या घरची रीत अशी, की घरातली करती बाई गेली की पहिल्या वर्षी ते भांडं थोरल्या लेकीने चढवायचं आणि लोकांनी ते संपवायचं. लोकांनी जेवून भांडं रिकामं केलं की मग आई सुखाने गेली असं समजायचं. थोरली लेक एलेनाच होती. ‘मी इथे करीन, शैला,’ ती म्हणाली. ‘पण खाणार कोण?’ तिने म्हशीचं नाव काढलं नाही. मला मात्र तिच्या तोंडाकडे बघवेना.

मी खाली येऊन अक्काला सगळं सांगितलं. अक्का मेथ्या निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, ताट बाजूला केलं आणि मला वाटलं आता ती देवाधर्माचं काही काढणार. पण ती म्हणाली, “तिन्ही माय मरी गयी, नि जेवाले कोन्ही नही? आसं कसं चालई?” तिची आई गेली आणि जेवायला कोणी नाही, असं कसं चालेल, एवढंच. मग अटी आल्या. भांडं आमचं, चूल आमच्या अंगणातली, आणि त्यात मासा नको, ते पांढरं नको. हे मीच वर जाऊन सांगितलं. रामराव म्हणाला, मासा हवाच, खरा मान माशाचाच असतो. एलेनाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती म्हणाली, माझ्या आईला माशांपेक्षा माणसं जास्त आवडायची. मासा वर आपल्यापुरता तळू.

शुक्रवारी सकाळी अंगणात बारा वाट्या मांडल्या गेल्या. हरभरा, तूर, वाल, चवळी, वाटाणा, मका, असं जे घरात होतं ते, आणि जे नव्हतं ते शेजारून. बिबडे घालायला आलेल्या बायका सालं काढायला बसल्या. एकीने हळूच मला विचारलं की सालंच काढायचीत तर डाळ का नाही घेत ही बाई, डब्यात भरलेली असते. हा प्रश्न इतका रास्त होता की मी तो एलेनाला विचारला. ती कितीतरी आठवड्यांनी हसली. डाळ चालत नाही, म्हणाली, साल काढताना बायकांनी बोलायचं असतं, म्हणून ते काम ठेवलंय. मी हे मराठीत सांगितलं आणि अंगणाला ते लगेच पटलं. मग जे बोलणं चाललं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुपार होत आली तोवर सगळे दाणे सोललेले होते आणि गल्लीतल्या निम्म्या सासवांचीही सालं निघाली होती.

शिजवताना घोटाळा झाला. भोपळा विरघळला, दाणे मिळून आले, दूध पडलं. एलेना लूसला आंघोळ घालून नवं घालायला वर गेली आणि जाताना डाव अक्काच्या हातात देऊन गेली. अक्का ढवळत राहिली. पिवळसर, दाट, दुधातलं, वाफाळलेलं. ते बघून अक्काच्या लक्षात आलं की ही पोर दुःखात गोडच घालायचं विसरली. मेलेल्या माणसाच्या नावाची खीर, आणि बिनगोडाची! तिने भांडं चुलीवरून उतरवलं, गुळाने दूध नासू नये म्हणून जरा निवू दिलं, आणि चांगला मोठा खडा फोडून घातला. वर वेलची. मी तिथेच होते आणि मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. दुधात धान्य शिजवलं की खीर, हे आम्हाला शिकवावं लागत नव्हतं.

एलेना खाली आली तेव्हा लोक वाट्या घेऊन जमायला लागले होते. तिने डावभर घेऊन चाखलं. पुन्हा एकदा चाखलं. मग डाव भांड्याच्या काठावर नीट ठेवला, ओघळ पडणार नाही असा, आणि मराठीत म्हणाली, “हे माझ्या आईचं नाही.” ती वर गेली आणि दार लावून घेतलं. तिच्या रडण्याचा आवाज अंगणापर्यंत येत होता. काय झालं ते कोणाला कळेना. रामरावने अडखळत सांगितलं, यात मीठ असतं. “दूधमा मीठ?” अक्का म्हणाली आणि खालीच बसली. बायकांत कुजबुज सुरू झाली. दूध आणि मीठ एकत्र खाल्लं की अंगावर कोड येतं, हे आम्हा सगळ्यांना लहानपणापासून ऐकून माहीत होतं. आई तर म्हणाली, गूळ पडला ते एका परीने बरंच झालं. अक्काने तिच्याकडे असं पाहिलं की आई आत निघून गेली.

अन्न वाया घालवायचं नाही म्हणून ती खीर गल्लीतल्या पोरांनी खाल्ली. रामरावने तीन वाट्या खाल्ल्या आणि चौथीच्या वेळी त्याला वर बघून लाज वाटली. अक्का जेवली नाही. आबांनी समजावलं, की तू चांगल्या मनाने केलंस, आता त्यांचं त्यांना पाहू दे. अक्का म्हणाली तिच्या मायचं जेवण तिने बिघडवलं, मग पाहायचं कोणी? तिचा चेहरा इतका उतरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. मला एलेनाचं वाईट वाटत होतं आणि अक्काचं त्याहून जास्त वाटत होतं.

शनिवारी उन्हं अंगणात यायच्या आत अक्का घराबाहेर पडली. देऊळ सोडून ती कुठे जायची नाही, लोक तिच्याकडे यायचे. त्या दिवशी ती घरोघर गेली, मी मागे. प्रत्येक घरी तेच बोलली. बारा घरं हवीत, एका घराने एकच धान्य द्यायचं, आणि नुसतं द्यायचं नाही, भिजवून, शिजवून, सोलून द्यायचं, त्याच घरच्या बायकांनी. आणि ज्याने सोललं त्याने उद्या दुपारी जेवायला यायचं. कोणी काचकूच केली की अक्का विचारायची, तुमच्याकडे कोणी मरत नाही का? मारवाडी शेठजींच्या घरी मात्र त्यांच्या सुनेने अक्काला बोलूच दिलं नाही. ती स्वतः राजस्थानातून आलेली, तिने विचारलं, त्या बाईंची आई गेली तेव्हा त्याही लांबच होत्या ना? आणि मोठ घेतली. मोठ म्हणजे मटकी. ती सोलायला सगळ्यात किचकट असते.

संध्याकाळी वाट्या यायला लागल्या. अक्का एकेक घेऊन माडीच्या जिन्यावर ठेवत गेली, एका पायरीवर एक, वर केळीच्या पानाचा तुकडा. सगळ्या आल्यावर तिने खालून लूसला हाक मारली. लूसने दार उघडलं आणि तिच्या मागे एलेना आली. डोळे सुजलेले, केस तसेच. तिने पायऱ्या पाहिल्या, वाकून एका वाटीवरचं पान उचललं, आत सोललेले पांढरे वाल होते. अक्का खालच्या पायरीशी उभी होती. तिला माफी मागायची सवय नव्हती आणि त्या दोघींना सामाईक अशी भाषाही नव्हती, पण अक्काने मला मध्ये घेतलं नाही. ती आपल्या बोलीतच हळू हळू म्हणाली, “मीठ तू टाक. तुन्ही माय जितलं टाके, तितलं.” एलेनाला शब्द किती कळले ते मला माहीत नाही. ती पायऱ्यांवर, वाट्यांच्या मधल्या जागेत बसली आणि तिने मान हलवली.

रविवारी सकाळी ती तिघं भुसावळला चर्चला जाऊन आली. लूसचा पांढरा फ्रॉक होता, रामरावने टाय लावला होता आणि घामाने तो पिरगळून गेला होता. आल्या आल्या एलेनाने साडीचा पदर खोचावा तसा स्कर्ट खोचला आणि चूल पेटवली. शुक्रवारचा पदार्थ रविवारी केल्याबद्दल मी तिला विचारलं, तर म्हणाली आज येशू पुन्हा उठण्याचा दिवस आहे, आई समजून घेईल. भांडं सगळ्यांच्या समोर शिजलं. दूध पडलं. मग तिने मीठ घेतलं, मुठीत धरलं, क्षणभर थांबली आणि भांड्यात सोडलं. बायका बघत होत्या. एकीने तोंडाला पदर लावला, पण उठून कोणी गेलं नाही. वर तिने पिकल्या केळ्याच्या तळलेल्या चकत्या घातल्या, आमच्याच बागेतल्या.

पंगत अंगणातच बसली. वाट्या वाढून झाल्या आणि मग कोणाचाच हात पुढे होईना. पुरुष आबांकडे बघत होते, आबा अक्काकडे. एलेना डाव हातात घेऊन भांड्याशी उभी होती आणि तिचं लक्ष एकाही माणसावर नव्हतं, सगळ्या वाट्यांवर होतं. मला वाटलं आता हे सगळं उलटतंय. अक्काने वाटी उचलली, आणि उचलून ती थांबली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय त्याच्या नावाचं अन्न तोंडाला लावत नाहीत, आणि इतक्या दिवसांत ते नाव आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. “तुन्ही मायनं नाव काय शे?” अक्काने विचारलं.

“रोसारियो,” एलेना म्हणाली.

“बठ्ठा जण नाव ल्या,” अक्का पंगतीला म्हणाली, आणि आधी तिने घेतलं. मग आबांनी, आईने, शेठजींच्या सुनेने, मी, आणि पुढे ओळीने सगळ्या गल्लीने. कोणाला ते धड म्हणता आलं नाही. कोणी रोसारबाई म्हणालं, कोणी रोसारियो अक्का. ज्या बाईने आयुष्यात खान्देश हे नाव ऐकलं नसेल तिचं नाव आमच्या अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. एलेनाने ते सगळं ऐकून घेतलं. आई गेल्यापासून ते नाव तिने नवऱ्याशिवाय कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, हे तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. मग अक्का जेवायला लागली. पहिला घास तिने डोळे मिटून घेतला, दुसरा उघड्या डोळ्यांनी. ती हळूहळू जेवली, दाणे चावत, घाई न करता. वाटी बोटाने पुसून घेतली आणि ती एलेनापुढे धरली.

“आजून वाढ,” ती म्हणाली.